पोस्टरं गार होईपर्यंत

मशीनमधून निघालेली गरम पोस्टरं वाहेदभाईंनी तशीच गठ्ठ्यात ठेवली आणि मे महिन्याच्या अमरावतीत ती एकमेकांना चिकटली. सोडवताना पौर्णिमाच्या वडिलांचा चेहरा वरच्या कागदाच्या पाठीला लागून निघून आला. खाली नुसतं ‘हरवले आहेत’ उरलं.

"तशीच द्या ना, चाचा. बाबा सकाळपासून घरी नाहीत."

"बिनचेहऱ्याची लावून काय करशीन, बेटा? थांब जराशी."

त्यांनी मशीनचा वेग कमी केला. पुन्हा छापलेलं एकेक पोस्टर ते पंख्याखाली सुटं पसरत गेले. आधी काउंटरवर, मग बाकावर, शेवटी दारापर्यंत फरशीवर. पौर्णिमा चिडून घड्याळ बघत राहिली.

लग्नाच्या पत्रिका न्यायला आलेला माणूस दारातच अडला. पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्याने खाली पाहिलं.

"हे बुढेबाबा तं बडनेऱ्याले आमच्या रसवंतीवर बसून हायेत."

तासाभराने ती वडिलांना, नत्थुजींना, घेऊन वाहेदभाईंना सांगायला आली. पोस्टरं अजून तशीच पसरलेली होती. नत्थुजी वाकून एकेक चेहरा बघत राहिले.

"कोनाचे बाबा हरवले व, माय?"

"सापडले, बाबा."