आम्हीच बोलावून घेऊ

"बसा ना," धाकटी म्हणाली. "पाणी घेणार?"

"पाणी विचारू नये गं. समोर ठेवावं," बाबा म्हणाले आणि खुर्चीत टेकले.

आज दुपारपुरते ते तिचे बाबा नव्हते, नोकरीवरून कमी होणारे कर्मचारी होते. धाकटी विद्यापीठात मनुष्यबळ व्यवस्थापन शिकत होती. उद्या प्रात्यक्षिक परीक्षा. समोर बसलेल्या माणसाला कामावरून कमी करायचं, तेही त्याचा आवाज चढू न देता. सरावाला येणारी मैत्रीण ऐन वेळी तापाने आडवी झाली, तेव्हा बाबा आपणहून म्हणाले, "चल, मी बसतो." धाकटीला ते जड गेलं. बाबांची स्वतःची नोकरी अशीच एका खोलीत गेली होती.

शिकवणाऱ्या सरांना पोरं मागून 'लोणी सर' म्हणत. 'काढलं' हा शब्द त्यांच्या वर्गात वर्ज्य होता. जो गुळाने मरतो त्याला विष कशाला, असं ते दर तासाला सांगत. गोड बोलून झालं, की शेवटी दाराला आशेची एक फट ठेवायची. त्या फटीकडे बघत माणूस गुपचूप उठून जातो. सर्वांत जास्त गुण त्या फटीलाच होते.

धाकटी शाळेत असताना बाबा एके दिवशी लवकर घरी आले. "थोडे दिवस आराम करायला सांगितलंय," म्हणाले. ते थोडे दिवस अजून चालूच होते. रोज सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे, आणि मग फोनशेजारची खुर्ची. कुठे जायचं म्हटलं की, "आणि नेमका तेव्हाच फोन आला तर?" घरात मोबाइल आले तरी जुना फोन त्यांनी हलू दिला नाही, कारण कंपनीकडे तोच नंबर होता. आत्या चेष्टा करायची, "आमच्या भावाला बाहेर न्यायचं तर आधी फोनची परवानगी काढा." आधी सगळे हसत. मग हळूहळू हसणं बंद झालं. फोन वाजला की आई स्वयंपाकघरात निघून जायची, कारण बाबा कॉलर नीट करून मगच तो उचलत, आणि मग त्यांचा पडलेला आवाज ऐकावा लागे. घरातलं कुणी गेलं नव्हतं, तरी कुणी गेलेल्या घरात बोलतात तसं सगळे हळू बोलत.

धाकटीने हा विषय घेतला तो यासाठीच. बंद दाराआड बाबांना असं काय सांगितलं असेल, की ते घरी आले ते पुन्हा कुठे गेलेच नाहीत? त्यांना विचारून उपयोग नव्हता. ऑफिस उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हा त्यांचा जुना नियम. तिथे ते नेमकं काय काम करत, हेही तिला कधी कळलं नव्हतं. तिने प्रवेश घेतला तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "दुसरं काहीतरी घे की."

धाकटीने घसा साफ केला. "तुमच्या कामाबद्दल आमची काहीच तक्रार नाही. उलट तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत. पण कंपनीचे दिवस सध्या बरे नाहीत."

बाबा मान डोलावत ऐकत होते.

"तुम्ही थोडे दिवस आराम करा. काम आलं, की आम्हीच तुम्हाला बोलावून घेऊ."

बोलता बोलता तिचं लक्ष बाबांच्या तोंडाकडे गेलं. त्यांचे ओठ हलत होते. तिच्याबरोबर तेही ते वाक्य म्हणत होते, आवाज न करता, एकही शब्द न चुकता.

म्हणजे बाबांनाही हेच सांगितलं होतं. बाबांना कुणी 'काढलं' असं म्हटलंच नव्हतं. मधाचं बोट लावून घरी पाठवलं होतं, आणि ते भिजत घोंगडं इतकी वर्षं या घरात पडून होतं. तिला सरांचा राग आला, स्वतःचा आला. उद्या तीच हे वाक्य म्हणून पैकीच्या पैकी गुण मिळवणार होती.

तिने खुर्ची पुढे ओढली आणि बाबांचे हात धरले.

"बाबा, ते बोलावणार नाहीत. त्यांनी तुम्हाला काढलंय. त्याच दिवशी, कायमचं."

स्वयंपाकघराच्या दारात आई जागच्या जागी थांबली. हे या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. बाबा आता कोसळतील, अशी धाकटीला भीती वाटली. पण त्यांनी फक्त एक लांब श्वास घेतला.

"माहितीये मला," ते म्हणाले. "खोलीतून बाहेर पडायच्या आधीच कळलं होतं."

"मग ही एवढी वर्षं?"

"ते वाक्य माझं आहे, बाळा. कंपनीत माणसं कमी करायचं काम माझ्याकडेच होतं. ज्याने मला सांगितलं, त्याला मीच शिकवलेलं. किती जणांना बसवून सांगितलं मी ते, आणि सगळे माझे आभार मानून घरी गेले." त्यांनी हात हळूच सोडवून घेतले. "मला वाटायचं, निदान मला तरी एकदा बोलावतील. म्हणजे मग मी त्या लोकांना खोटं सांगितलं नव्हतं, असं झालं असतं."