निळी बोटं

"पुढच्या पेशंटला हात लावण्याआधी ग्लोव्हज बदला हो," शिंपीणबाई दर डायलिसिसला टेक्निशियनच्या विनवण्या करायच्या. शेजारच्या खुर्चीतली त्यांची मैत्रीण इन्फेक्शनने गेली, तेव्हाही तो हसून म्हणाला होता, "बाई, सगळे तुमच्या मनाचे खेळ!"

आज त्यांनी कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूची पूड गुपचूप आपल्या मशीनच्या बटणांवर चोळून ठेवली. तासाभराने मोठे डॉक्टर राउंडला आले, तर पाचही मशीनवर, दोन पेशंटच्या चादरींवर आणि खुद्द टेक्निशियनच्या नाकावर निळी बोटं उमटलेली.

"हा काय प्रकार आहे?" डॉक्टर कडाडले.



शिंपीणबाई टेक्निशियनकडे बघून गोड हसल्या. "काही नाही हो डॉक्टर, सगळे माझ्या मनाचे खेळ!"