जोडीच्या शाळेचा पाऊस

पर्जन्यमापकाचं नरसाळं उचललं आणि श्रावण गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. आतली बाटली काठोकाठ भरलेली होती.

वर आभाळ कोरडं ठणठणीत. ऑगस्ट निम्मा सरला तरी मूर्तिजापूरच्या या अंगाला ढग नुसते डोकावून जात होते. कपाशी दुपारी माना टाकत होती, गावच्या विहिरीत बादली खडकावर आपटत होती. आणि शाळेच्या आवारात, तारेच्या चिमुकल्या कुंपणात, रात्रीतून अतिवृष्टी झाली होती.

शेजारी मिस लुंड उभ्या होत्या. त्या डेन्मार्कहून आल्या होत्या, शेवटचे काही मैल बैलगाडीनं.

जगातल्या शास्त्रज्ञांनी मिळून पृथ्वी मोजायला काढली होती ते हे वर्ष. त्या उत्साहात एका संस्थेनं दूरदूरच्या देशांतल्या शाळांच्या जोड्या लावल्या. ही वऱ्हाडातली शाळा आणि मिस लुंड यांची तिकडची शाळा अशी एक जोडी जमली. दोन्हीकडच्या मुलांनी आपापला पाऊस मोजायचा, एकमेकांना कळवायचा, आणि पृथ्वीचं हवामान एकच कसं आहे ते मिळून शिकायचं. त्यासाठी तांब्याचा हा लखलखीत मापक तिकडूनच आला होता. आता बाई स्वतः येणार असं कळलं, तेव्हा अमरावतीहून बी.एस्सी. होऊन आलेल्या श्रावणला एकच धास्ती पडली. आपली मोजणी बाईंना पटली नाही, तर मापक जाईल, जोडी मोडेल, आणि पोरांना विज्ञान पुन्हा फळ्यावरच शिकावं लागेल.

म्हणून तो शून्याला शून्यच म्हणत आला होता. पावसाळाभर त्यानं बहुतेक शून्यंच कळवली होती. आणि आज नेमकी ही बाटली.

"बरं झालं," मुख्याध्यापक खुशालराव कानाशी कुजबुजले. "बाईसमोर आपला पाऊस तरी दिसला."

"सर, आभाळ पाहा न."

"आभाळाकडे कोण पाहून राहिलं?"

मिस लुंड मात्र पाहत होत्या. मग त्या खाली वाकल्या. बाटलीच्या तोंडाशी मुंग्यांची रांग लागली होती. बाईंनी पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"काल इथे पाऊस झाला?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नाही," श्रावण म्हणाला. खोटं बोलून भागणारं नव्हतं. पावसाच्या पाण्याला मुंग्या लागत नाहीत, हे त्यानंच वर्गात शिकवलं असतं. तो वळला आणि ओळीत उभ्या असलेल्या पोरांकडे त्यानं असं पाहिलं, की पुढची ओळ मागच्या ओळीवर रेलली.

"पोरायवर नका रागावू, गुरुजी." कुंपणापाशी मडम पाहायला जमलेल्या बायांतून चतुराबाई पुढं आली. गावातल्या निम्म्या पोरांची ती आजी होती. "पाणी म्या टाकलं."

"आजी, तुमी? कशाले?"

"कशाले म्हंजे? हे भांडं मडमच्या घरचं हाये न? ते आपलं भांडं पाहाले इतक्या दुरून येऊन राहिली, अन् आपण तिले ते रिकामं दाखवाचं? शेजारणीची वाटी आली, त आमी ते बी रिकामी धाडत नाई. काही नसलं, त चिमूटभर साखर टाकतो."

"पण बाटलीभर पाणी?"

"मी वाटीभरच टाकलं, बाबा. बाकीचं मले मालूम नाई."

मागं दुर्गाबाईनं पदर पुढं ओढला. "वाटीभर माह्यं असन," ती म्हणाली.

"नुसतं पाणी बरं दिसत नाई," सुंदराबाईनं सांगितलं. "म्हून म्या गुळाचं टाकलं."

आता खुशालरावांनी घसा खाकरला. "मी फक्त अर्धा पेला," ते म्हणाले.

श्रावणनं डोळे मिटले. विहिरीवर पहाटेपासून घागरींची रांग लागत होती, आणि त्या पाण्यातलं हे पाणी होतं. रागवायचं तरी कुणावर? त्यानं जे घडलं ते सगळं मिस लुंडना इंग्रजीत सांगितलं. गूळही गाळला नाही.

"आमची आजवरची शून्यं मात्र खरी आहेत," शेवटी तो म्हणाला. "मापक परत नेणार असाल, तर निदान एवढं लिहून घ्या."

मिस लुंड कुंपणाजवळच्या दगडावर बसल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. उन्हानं की रागानं, ते श्रावणला कळेना.

"मी तपासायला आलेलीच नाही," त्या म्हणाल्या. "माफी मागायला आले. आम्ही कळवलेला पावसाचा एकही आकडा खरा नाही."

श्रावण पाहतच राहिला. त्याच आकड्यांचे आलेख काढून तो पावसाळाभर पोरांना डेन्मार्कचं हवामान शिकवत होता.

"काहून?" त्याच्या तोंडून वऱ्हाडीच निघालं. बाईंना ते बरोबर समजलं.

"आमच्याकडे यंदा पाऊस थांबतच नाही," त्या म्हणाल्या. "तुमची शून्यं वाचली की आमची मुलं ओशाळी व्हायची, जेवायला बसावं आणि समोर उपाशी माणूस असावा तशी. मग मोजायच्या आधी ती रोज अर्धी बाटली गवतात ओतून द्यायची."