चाळीस मुलांची शाळा

“ताई, अंबूला इंदूरला ने, पण दोन शाळा बघूनच घाल,” असं मी तिच्या मुलीला घेऊन निघताना बहिणीने बजावलं होतं. इंदूरला आल्यावर सोमवारची पूजा आटोपून मी अंबिकाला घेऊन शाळा बघायला निघाले. पहिल्या सरकारी शाळेत अकराच मुलं होती.

दुसऱ्या शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, “तिकडे कोण जातं जी? आमच्याकडे चाळीस आहेत, रोज सगळे हजर.”

वर्गात मला सात-आठच दिसली.

“बाकीचे पानी प्यायला गेलेत,” म्हणत त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं.

नवव्या ओळीत अंबिकाचं नाव होतं. उन्हाळ्यात ती सुट्टीला माझ्याकडे आली असताना शाळेच्या सर्व्हेवाल्यांनी दारात लिहून नेलेलं. त्यापुढे महिनाभराची हजेरी.

मी रजिस्टर मिटलं. अंबिकाचं बोट धरलं आणि अकरा मुलांच्या शाळेकडे वळले.