पंचाहत्तर दिवसांचं झाड

"हा ढोल बाहेर गेल्याशिवाय मी बी मातीत घालणार नाही," यामिलाने बापाला बजावलं.

वाल्देमार बगलेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात येर्बाच्या पानांच्या कडू चहाचा पेला घेऊन दारात उभा होता. ढोलांची खोली आता ओळखू येत नव्हती. भिंतींना पांढरा रंग, छताच्या हुकाला साखळीने टांगलेला मोठा जुना दिवा, कोपऱ्यात पंखा, आतली हवा बाहेर टाकायला खिडकीतून काढलेला जाड पाईप. दारामागे सरकारी नोंदणीचा कागद टाचलेला, त्यावर वाल्देमारच्या नावाने गांजाची सहा झाडं. पहिलीच खेप म्हणून यामिलाने तीनच बिया भिजवल्या होत्या. बशीतल्या ओल्या रुमालावर तिन्हींना पांढरी टोकं फुटली होती. आणि या सगळ्याच्या मधोमध, दिव्याच्या बरोबर खाली, वाल्देमारचा चिको उभा होता. ढोलांतला सगळ्यात लहान.

"दोन वर्षं तो इथेच आहे. तुझं काय खातो?"

"माझं नाही, ओल त्याला खाईल. झाडं आली की खोली दमट होणार. कातडं गोधडीसारखं लोंबेल, बाबा."

"मग झाडं दुसरीकडे लाव."

"कुठे? आईच्या पलंगावर?"

वाल्देमारने पेला धरलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं. हा खटाटोप त्याच्याच हातासाठी चालला होता. उजव्या हाताचं ठीक होतं, त्यात काठी धरली की झालं. पण डावा पंजा कातड्यावर पडतो, आणि त्याची बोटं सांध्यासांध्यात सुजून वाकडी झाली होती. गेल्या हिवाळ्यात शेजारणीने आपल्या गांजाच्या झाडाचं मलम दिलं, तर आठवडाभर त्याने शर्टाची बटणं स्वतः लावली. मग डबी संपली आणि शेजारीण मुलाकडे साल्तोला राहायला गेली.

"शेजारणीच्या झाडाला फुलायला लांब रात्री लागायच्या," यामिला कुंडीत माती भरत म्हणाली. ती रोपवाटिकेत कामाला होती. "ही जात रात्र बघत नाही, दिवस बघत नाही. वय झालं की आपोआप फुलते. पंचाहत्तर दिवस."

"नशीबवान आहे. आमचं वय झालं की आम्ही वाकतो."

त्याने मनातल्या मनात हिशेब केला. आज नोव्हेंबरची पंधरा. शामादासची, म्हणजे ढोलांची मोठी मिरवणूक फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. मधे झाड वाळवायचं, मलम करायचं. जेमतेम जमत होतं. पण मिरवणुकीत बाकीचे ढोल दम खातात, चिको शेवटपर्यंत एक क्षण थांबत नाही. आणि ढोलवाल्यांच्या ताफ्याचा म्होरक्या रोसेंदो आज पाच वाजता येणार होता. त्याचा निरोप सरळ होता: येणार असशील तर तुझी जागा ठेवतो, नसशील तर चिको दे, दुसऱ्याच्या गळ्यात घालतो.

खोली किती तापते ते बघायला यामिलाने दिवा लावला आणि तासभर दार बंद ठेवलं. ढोल आतच राहिला, कारण वाल्देमार त्याला हात लावू देईना. तासाने दार उघडलं तेव्हा आत भट्टी पेटल्यासारखी धग होती.

"चौतीस अंश! रोपं करपतील." तिने साखळी वीतभर वर ओढली.

तेवढ्यात खालच्या चौकातून शीळ आली. रोसेंदोच.

वाल्देमारने पेला आणि थर्मास खाली ठेवले आणि चिको खांद्याला लावला. त्याचं ठरलं होतं. असल्या बोटांनी हो म्हणायचं आणि ऐनवेळी ताफ्याची फजिती करायची, त्यापेक्षा आजच देऊन टाकावा. जिना उतरताना त्याला रडू येत होतं.

"आणलास?" रोसेंदोने ढोल हातात घेतला आणि सवयीने त्यावर थाप मारली.

टण्ण! कपडे वाळत घालणाऱ्या बायकांनी वळून पाहिलं.

"अरे म्हाताऱ्या, हा तर शेकून ताणलेला आहे! मला वाटलं, आत कोळ्यांनी संसार मांडला असेल. आणि तू इथे गुपचूप कातडं तापवत बसलास? रोज वाजवतोस की काय?"

दिव्याची गोष्ट वाल्देमारच्या ओठांवर आली होती. पण तो आवाज त्याने दोन वर्षांत ऐकला नव्हता. त्याने डावा पंजा कातड्यावर ठेवला. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावासारखं ते ऊबदार होतं. त्याने एक थाप दिली, मग दुसरी. कोपरापर्यंत कळ गेली. तिसरी मात्र नीट बसली.

"जागा ठेव माझी," तो म्हणाला.

"नक्की? नंतर हात दुखतो म्हणशील."

"हाताचं मी बघतो. तू तुझ्या गुडघ्याचं बघ."

रोसेंदो हसत रिकाम्या हाताने गेला. वाल्देमारने चिको वर नेऊन स्वयंपाकघरात चुलीशेजारी, कोरड्या जागी ठेवला आणि खोलीत परत आला. यामिला बशी घेऊन थांबली होती.

"दिलात?" तिने हळूच विचारलं.

"नाही. बी किती खोल घालायचं?"

"पेरभर. आधी तो थर्मास ठेवा बाहेर. येर्बावर ओतायच्या सवयीने कढत पाणी ओताल."

त्याने तिन्ही बिया आपल्या वाकड्या बोटांनी मातीत घातल्या. वेळ लागला, पण तिला हात लावू दिला नाही.

"पंचाहत्तर कधीपासून धरायचे?"

"रोप वर आलं की."

"माझे आजपासून धर," वाल्देमार म्हणाला, आणि डाव्या हाताने कुंडीच्या काठावर हळूहळू चिकोचा ठेका धरला.