टोकाची तबकडी

“परवा सकाळचा फोन तुम्हीच केला होता ना?” दारात उभ्या माणसानं विचारलं. “मी वीज नियंत्रण केंद्रात इंजिनियर आहे. तुमच्यावर खेकसलो, तो मीच.”

संशोधक बाई खुर्चीतून उठल्या. आवाज त्यांनी लगेच ओळखला. सूर्यावर मोठा स्फोट झालाय, त्यातून निघालेला लोट दीड दिवसात इथं पोचेल, विजेच्या तारांमध्ये भलताच प्रवाह शिरेल, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. त्यावर हा गृहस्थ ओरडला होता, “बाई, बाहेर छान ऊन पडलंय! आणि मी निम्म्या शहराचा विजेचा भार हलवू?”

“खेकसलात खरे,” बाई म्हणाल्या. “पण हलवलात ना?”

“फोन आपटला, आणि मग बसवेना. त्या लाइनवर हॉस्पिटल आहे. माझी भाची तिथं काचेच्या पेटीत आहे, नऊ दिवसांची. शेवटी तिथल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवरचा भार उतरवून दुसऱ्यांवर टाकला. काल संध्याकाळी मीटरचे काटे असे नाचायला लागले...” त्यानं बोटं थरथरवून दाखवली. “भार असता तर जळून खाक झाला असता. नवा यायला वर्ष लागतं. हॉस्पिटलात दिवा लुकलुकलासुद्धा नाही. म्हटलं, जाऊन आभार मानावेत.”

बाईंनी चपला पायात सरकवल्या. “मग चला माझ्याबरोबर.”

मैदानात रेडिओ दुर्बिणीच्या तीसेक तबकड्या सूर्याकडे तोंड करून उभ्या होत्या. सगळ्या मिळून त्याच्या रेडिओ लहरी टिपतात; जितक्या दूर पसरलेल्या, तितकं चित्र रेखीव. बाई चालता चालता सांगत होत्या. सगळ्यात टोकाची तबकडी महिनाभर अडकून पडली होती. मेकॅनिककाका तीन दिवस तिच्या शिडीवर होते. स्फोटाच्या आदल्याच संध्याकाळी ती फिरायला लागली.

“ती नसती तर लोट आपल्याकडे येतोय की बाजूनं जातोय, हे सांगता आलं नसतं. नुसत्या अंदाजावर फोन करायची माझी छाती नव्हती.”

मेकॅनिककाका सावलीत बसून नट आवळायचे पाने पुसत होते. बाईंकडून सगळं ऐकून ते संकोचले.

“मी काय केलं हो? बेअरिंग बदललं. ते तर माझं कामच आहे.”

“माझंही तसंच, काका,” इंजिनियर म्हणाला. “दिवे गेले की शंभर फोन येतात. नाही गेले, तर एकही येत नाही.” त्यानं काकांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला, आणि सोडायचं विसरला.

काकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग डाव्या हातानं खिशातला फोन काढला.

“अगं, जेवायला दोघं जास्त आहेत... मॅडम, आणि विजेचे साहेब आलेत... नाही गं, काही बिघडलं नाही. काही बिघडलं नाही, म्हणूनच आलेत.”