उनाइसीच्या घराचे फोटो

तो पुन्हा आला होता. उनाइसीने खिडकीच्या फटीतून पाहिलं. खाली चर्चच्या दगडी मनोऱ्यासमोर तो कॅमेरा लावून उभा होता. मनोरा टिपला, मनोऱ्यावरचं घड्याळ टिपलं, समुद्रकाठची जुन्या लाकडी दुकानांची रांग टिपली. या बेटावरच्या लेवुका गावाला येणारा प्रत्येक पाहुणा एवढं टिपतोच. पण मग त्याने कॅमेरा वर वळवला. टेकडीच्या पायऱ्यांकडे. तिच्या घराकडे.

सलग तिसरा दिवस.

"गोरा असता तर म्हटलं असतं, असेल हौशी," शेजारची केलेरा कसावा सोलता सोलता म्हणाली. "हा तर आपल्यातलाच. आपल्या माणसाला जुन्या लाकडाचं एवढं कसलं गं कौतुक?"

उनाइसीला भीती वेगळीच होती. मागच्या वर्षी राजधानी सुव्हाहून एक जण असाच आला होता. आधी फोटो, मग गोड बोलणं, मग ज्याचं पेय करतात त्या यांगोनाच्या मुळांची पेंढी. केलेराच्या भावाने पाहुण्याचा मान म्हणून पेंढी हातात घेतली. पेंढी घेतली की इथल्या रीतीने मागणं मोडता येत नाही. आज त्या घरात हॉटेल आहे, आणि भाऊ तिथेच लोकांच्या बॅगा उचलतो.

"लितिआना असती तर सरळ जाऊन विचारून आली असती त्याला," केलेरा म्हणाली.

"तिचं नाव नको." उनाइसीने खिडकी ओढून कडी घातली. "पळून गेलेल्या पोरीला घर कसलं?"

सहा वर्षांपूर्वी लेक कंदावू बेटावरच्या कुण्या खलाशाबरोबर पळाली. त्याच वर्षी नवरा गेला. उरलं ते हे घर. वाऱ्यावादळात कुरकुरणारं, पण सोडून न जाणारं. हा माणूस दिसल्यापासून तिने एकेक करून सगळ्या खिडक्या मिटून घेतल्या होत्या.

दुपारी पायऱ्यांवर पावलं वाजली. तोच. आज नेटका सुलू नेसलेला, कॅमेरा गळ्यात, आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पेंढी.

"आला गं बाई," केलेरा कुजबुजली. "हात लावू नकोस!"

उनाइसी दार उघडून उंबरठ्यात आडवी उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे. "घर द्यायचं नाही. उचल ते आणि चालू लाग."

तो आत यायला बघतच नव्हता. बाहेरच, तापल्या दगडावर मांडी घालून बसला. पेंढी समोर ठेवली. मान खाली घातली. मागायला आलेला माणूस असा बसत नाही. असा बसतो चुकलेला माणूस. केलेराची सुरी कसाव्यातच थांबली.

"चार वडीलधारी घेऊन यायला हवं होतं, मावशी," तो म्हणाला. "पण माझ्या बाजूने बोलेल असं कोणी उरलं नाही. मी अपिसाई. कंदावूचा."

पाठीमागचे हात एकमेकांत घट्ट झाले.

"सहा वर्षांनी सुचलं? आणि तीन दिवस फोटो कसले काढत होतास, चोरासारखे?"

"लितिआनासाठी. ती सुव्हात थांबलीय. बोटीत पाय ठेवायला घाबरते. म्हणाली, आधी गाव दाखव, मग घर. आई रागावली की सगळ्या खिडक्या लावून घेते, म्हणाली. रोज संध्याकाळी मी फोटो पाठवतो. रोज ती विचारते, आज तरी एखादी उघडी आहे का?"

मग उनाइसी खाली बसली. तिने पेंढी उचलून मांडीवर घेतली. स्वीकारल्याच्या रीतीप्रमाणे पोकळ हातांनी टाळ्या वाजवल्या. शेवटची नीट वाजलीच नाही.

ती आत गेली. एकामागून एक कड्या निघाल्या. शेवटच्या खिडकीतून तिने डोकं बाहेर काढलं.

"बसलास काय? काढ आता. आणि तिला म्हणावं, उद्याची बोट चुकवलीस तर आईशी गाठ आहे."